‘फाईल दे की गे, रात्रीत परत देते’ : नर्सिंगला असताना तुम्ही काय केलंत?

खानापूरची मावशी (धागा माझाच)

भाची बेळगावात जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाला आहे. परवा रात्री साडेदहाला तिचा फोन. मला वाटलं ताप-बिप आला. तर म्हणते, "मावशी, रूमवरची केअर प्लॅन मागूलालीय. तिसऱ्यांदा. नको म्हणायला तोंड होईना." (केअर प्लॅन म्हणजे आपल्या पेशंटला तपासून त्याची काळजी कशी घ्यायची ते लिहायची फाईल.)

मी सतरा वर्षं नोकरी केली, पण तिला सांगायला धड उत्तर सुचलं नाही. ‘देऊ नकोस’ म्हणणं सोपं. एका खोलीत चार खाटा, एकीच्या घरचा खर्वस चौघींनी खायचा, आणि त्यातल्याच एकीला फाईल नाही म्हणायचं, ही अडचण हॉस्टेलात राहिलेलीलाच कळते. म्हणून हा धागा. काय केलंत ते लिहा. दिली असेल तर तसं लिहा. ज्यांनी उतरवून काढली त्यांनीही लिहा, इथं कोणी ओरडणार नाही. फक्त कॉलेजचं, दवाखान्याचं, माणसाचं नाव नको.

सुरुवात माझ्यापासून. मेडिकल वॉर्डची पोस्टिंग. माझी पेशंट दम्याची आजी, श्वास मिनिटाला २८. मी तो नीट मोजलेला. नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरून ठेवायचं आणि डोळा छातीवर ठेवायचा, म्हणजे पेशंट श्वास सांभाळून घेत नाही. पूर्ण एक मिनिट. मैत्रिणीला घाई होती. तिनं माझं पान जसंच्या तसं उतरवलं, नाव आणि बेड नंबर तेवढा बदलला. तिचा पेशंट म्हणजे साखर तपासायला भरती झालेला धडधाकट गडी. इन्चार्ज सिस्टरांनी फाईल चाळली, २८ बघितलं आणि तशाच त्याच्या बेडकडे पळाल्या. गडी मांडी घालून भाकरी खात होता. सगळा वॉर्ड हसला. मला काही हसू आलं नाही. त्याचे १८ माझ्या आजीच्या पानावर गेले असते तर कोणीच पळालं नसतं.

पण त्यानंतर मी फाईल देणं बंद केलं का? नाही. आणखी वर्षभर देत होते. आता तुम्ही बोला.

हृदयवाला ब्रदर

आमच्या वर्गात मुलगे पाच. माझी चित्रकला बरी, म्हणून ॲनाटॉमीच्या रेकॉर्डातली हृदयं माझ्याकडे. एका हृदयाला एक वडापाव आणि चहा. किडनी स्वस्त, नुसता चहा. पहिल्या वर्षी मी चौदा हृदयं काढली आणि वजन वाढवलं.

मॅडमनी सगळ्या वह्या टेबलावर उघड्या मांडल्या. चौदाही हृदयांत महाधमनीची (हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी) कमान उजवीकडे वळलेली, असते डावीकडे. मी पहिलं चित्र आरशात बघितल्यासारखं काढलं होतं आणि पुढची तेरा त्याच्यावरून. मॅडम म्हणाल्या, "एवढे दुर्मीळ पेशंट एकाच वर्गात?" पंधराही वह्या परत. हो, पंधरावी माझी. ग्राहकांनी वडापावचे पैसे परत मागितले नाहीत, एवढं मोठं मन.

दोन बेड पलीकडे

मराठी शाळेतून आलेल्या मुलींची गोष्ट थोडी वेगळी असते, ती लिहिते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, इथं आल्यावर पुस्तकं इंग्रजीत, वॉर्डात पेशंट कन्नड. गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडची माणसं. मला घरी कन्नड येत होतं ते बाजारापुरतं. पहिल्या दिवशी एका बाईला मी पाठ केल्याप्रमाणे ‘नोवु’ (दुखणं) कुठं आहे विचारलं. ती बघतच राहिली. शेजारची पोरगी हसून म्हणाली, "होट्टी ब्यानी ऐतेनवा?" (पोट दुखतंय का गं?) बाईनं लगेच पोट दाबून दाखवलं. पुस्तकातलं कन्नड वेगळं, खाटेवरचं वेगळं.

ती पोरगी बैलहोंगलची. तिला मराठी येत नव्हतं आणि आमच्याकडे येळ्ळूर, उचगाव, हिंडलगा, चंदगड इकडचे पेशंट असले की ती अडायची. मग तिनं माझी फाईल मागितली आणि मी तिची. पहिले दोन आठवडे चक्क अदलाबदली चालली. पुढं दोघींनाही कळलं की आपण एकमेकींचं वाक्य लिहितोय, पेशंटचं नाही. माझी पेशंट आजी म्हणाली होती, "उताणं झोपलं की गुदमरतंय, उशी दोन लागतात." तिच्या कागदावर ते ‘श्वासाचा त्रास’ एवढंच उरलं होतं. दोन उशा गेल्या. त्या दोन उशांवर तर सगळी केअर प्लॅन उभी!

मग आम्ही ठरवलं. हिस्टरी (पेशंटला विचारून घ्यायची माहिती) दोघींनी मिळून घ्यायची, एक विचारणार, दुसरी तिथंच ऐकणार. तपासणी, नर्सिंग डायग्नोसिस आणि पुढचं सगळं आपापलं, तेही वेगवेगळ्या टेबलावर. हिस्टरी सारखी येणार हे उघड, म्हणून वरच लिहायचं की भाषेसाठी अमुक विद्यार्थिनीची मदत घेतली. आधी सांगितल्यामुळे मॅडम कधी रागावल्या नाहीत. माझं ब्यानी-नोवु तिच्यामुळं सुधारलं, आणि ती आता ‘कसं वाटतंय आजी’ इतकं छान म्हणते की पेशंट तिला आमच्याच गावची समजतात.

चंदगडी

मी रोज एसटीनं बेळगावला यायची. फाईल मागणाऱ्या बसमध्येच गाठायच्या. बाकीच्या कर्नाटकातल्या, जून २०२३ पासून त्यांना तिथल्या सरकारी बसचं शून्य तिकीट, बायकांना फुकट. मी महाराष्ट्रातली, त्यांच्या बसनं आले तर पूर्ण पैसे. एकजण म्हणाली, "तुझं तिकीट मी काढते, फाईल दे." महिनाभर चाललं. मग हिशोब केला, एका तिकिटात रात्रीचे तीन तास जात होते माझे. महाग पडलं. बंद केलं.

लाल झाकण

मी केलं ते कोणी करू नये म्हणून लिहिते.

माझी औषधांची फाईल वर्गात प्रसिद्ध. हिरव्या शाईनं नाव, काळ्यानं मात्रा, लालनं धोके. एकजण दर महिन्याला न्यायची, वर सांगायची की दोघींनी मिळून केली. मला ते ‘दोघींनी’ फार लागलं. चोरापेक्षा भागीदाराचा राग जास्त येतो. शिक्षकांना सांगायचं धैर्य नव्हतं. मग डोकं चालवलं. मॅग्नेशियम सल्फेटच्या पानावर उतारा म्हणून (औषध जास्त झालं तर द्यायचं उलट औषध) कॅल्शियम ग्लुकोनेटऐवजी प्रोटामिन सल्फेट लिहिलं आणि फाईल दिली. प्रोटामिन हा उतारा हेपॅरिनचा, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा. म्हटलं, तोंडी परीक्षेत पडू दे.

पडली. मॅडमनी विचारलं, तिनं ठामपणे प्रोटामिन सांगितलं, रडत बाहेर आली. मला दोन मिनिटं गार वाटलं. संध्याकाळी मेसमध्ये कळलं, तिच्याकडून ते पान आणखी सहाजणींनी उतरवलंय आणि दोघींची लेबर रूमची पोस्टिंग सोमवारपासून. तिथं झटके आलेल्या बाईला हेच मॅग्नेशियम सल्फेट देतात. दर डोसच्या आधी गुडघ्याचा रिफ्लेक्स बघायचा, श्वास १६ च्या खाली नाही ना, लघवी तासाला ३० मिलीच्या वर आहे ना, आणि उतारा हाताशी भरून ठेवायचा. शिकाऊ मुलीच्या हातात कोणी ते सोपवत नाही, मान्य. पण ताईनं घाईत ‘उतारा आण ग’ म्हटलं तर?

रात्री अकराला मी सहा खोल्यांची दारं वाजवली. सहाजणींना सांगितलं की चूक माझी होती, मुद्दाम केलेली. शेवटच्या दोघींनी दार लावून घेतलं. जिच्यासाठी सापळा लावला तिनं मात्र शांतपणे विचारलं, "आणि बाकी पानं? बाकी कुठं काय बदललंयस?" काहीही बदललं नव्हतं, पण तिला ते पटवता आलं नाही. त्या फाईलवर कोणाचाच विश्वास राहिला नाही. माझाही नाही, परत सगळी तपासून काढली.

(नाव ‘लाल झाकण’ का? त्याच तपासणीत इन्सुलिनचं पान परत वाचलं. ४० युनिटच्या बाटलीला लाल झाकणाची सिरिंज, १०० च्या सिरिंजचं झाकण नारिंगी. तेव्हापासून हात आपोआप थांबतो.)

नाव नको

मी तर सरळ ‘नेट नाही’ म्हणते. फोटो मागितला की नेट नाही.

हृदयवाला ब्रदर

@नाव नको, तीन वर्षं नेट नाही?

नाव नको

लोंढ्याच्या पुढं जंगलाकडं आमचं घर आहे, पटतं लोकांना.

जुनी ट्यूटर

टेबलाच्या पलीकडून लिहिते. बारा वर्षं वॉर्डात मुलींच्या मागं फिरले.

उतरवलेली फाईल ओळखायला काही लागत नाही. मी फाईल बंद करायची आणि म्हणायची, चल तुझ्या पेशंटकडे. बेडपाशी उभं राहून एवढंच विचारायचं, काल रात्री यांना झोप लागली का? जिनं स्वतः लिहिलंय ती पेशंटकडे बघून बोलते. जिनं उतरवलंय ती माझ्याकडे बघते.

ज्यांच्याकडे फाईल मागितली जाते त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एक, वॉर्डात जाताना खिशात छोटी डायरी ठेवा, आकडे त्यात वेळेसकट लिहा. दोन फाईली सारख्या निघाल्या तर जिच्या डायरीत ‘८.१०, बीपी १४०/९०’ असं वाकडंतिकडं लिहिलेलं असतं तिची बाजू मला लगेच कळायची. दुसरं, फाईल द्यायचीच असेल तर जमा करून, सही होऊन परत आल्यावर द्या. निम्म्या मागणाऱ्या तेवढ्यानंच गळतात, त्यांना उद्याची सकाळ हवी असते.

आणि आमचीही चूक सांगते. आम्ही पानं मोजायचो. आठवड्याला इतक्या केअर प्लॅन, एवढे केस स्टडी, सगळं हातानं, समासाच्या रेघा मारून. बीएस्सीला २०२१-२२ पासून सेमिस्टर आलं तसा वेळ आणखी आटला. मी स्वतः रात्री चाळीस फाईलींवर सह्या केल्यात, न वाचता. न वाचता सही करणाऱ्या बाईनं उतरवणाऱ्या पोरीला काय बोलायचं? मी एकदा एका फाईलच्या मधल्या पानावर ‘मॅडम हे वाचत नाहीत’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं बघितलं. कोणाचं ते शोधलं नाही.

निपाणीची

मी मागणारी होते. तुम्ही ओरडणार नाही म्हणालात म्हणून लिहिते.

आई विड्या वळायची. शनिवारी दुपारी घरी गेलं की रविवारी रात्रीपर्यंत मी तिच्या शेजारी सूप घेऊन. पानं भिजवायची, कात्रीनं मापात कापायची, तंबाखू घालून वळायची, दोरा गुंडाळायचा. हजारावर मजुरी. दोन दिवसांत माझे हजार झाले तर माझ्या मेसला हातभार. सोमवारी सकाळी केअर प्लॅन जमा. बोटांना तंबाखूचा वास आणि फाईल कोरी. मागणार नाही तर काय करणार?

ज्यांनी दिली त्यांचे उपकार आहेतच. पण एकीनं दिली नाही, तिचं सांगते. ती म्हणाली, "फाईल नाही देत. पहाटे साडेचारला उठव, मी बसते तुझ्याजवळ." मला राग आला. एवढं शहाणपण कशाला, दे की सरळ. पण उठवलं. थंडीत दोघी एका रगात. ती विचारायची, तुझा पेशंट बोलला काय? मी सांगायची. ती म्हणायची, मग हेच लिही ना. इंग्रजी अडलं की शब्द द्यायची, वाक्य द्यायची नाही. पहिली फाईल दोन पानांची झाली, इतरांच्या सात. शेरा आला, ‘अपुरी’. पण मॅडम बेडपाशी घेऊन गेल्या तेव्हा मला सगळं सांगता आलं.

ती पोरगी काही देवी नव्हती. चिडकी होती, मला कितीदा ‘शेंबडी’ म्हणाली. अजून फोन करते, अजून तेच म्हणते.

येळ्ळूरची सून

कम्युनिटीची फॅमिली फोल्डर (घरी जाऊन त्या कुटुंबाची माहिती लिहायची फाईल) कोणी काढली नाही? माझी एकीनं उतरवली, माणसांची नावं बदलली आणि म्हशी तशाच ठेवल्या. दोन म्हशी, एक रेडकू, शोषखड्डा नाही. मॅडम व्हिजिटला गेल्या तर तिचं घर गल्लीत दुसऱ्या मजल्यावर. मॅडमनी जिना बघितला, फाईल बघितली आणि घरमालकिणीला विचारलं, "म्हशी वर चढतात?"

खानापूरची मावशी

वाचून भाचीला सगळं पाठवलं. तिनं काय केलं ते तिच्याच शब्दांत टाकते, तिला इथं यायला लाज वाटते म्हणे.

"मावशी, पहाटे साडेचार आमच्याकडे चालत नाही, वॉर्डन लाईट लावू देत नाही. मी तिला म्हटलं, लिहिलेलं देत नाही, पण उद्या सकाळी तुझ्या पेशंटकडे तुझ्याबरोबर येते. आली नाही. तोंड फुगवून एकटीच गेली. तीन दिवस बोलली नाही, खर्वसही बाकीच्या दोघींनाच दिला. चौथ्या दिवशी रात्री समासाची रेघ मारत होती, पट्टी मिळेना. म्हणाली, तुझी पट्टी देतीस? दिली. तिचा पेशंट कोण आहे ते अजून मला माहीत नाही, पण पान तिचंच होतं, बाजूला बघितलं मी. नाडी ८६ लिहिली होती, खोडून ८४ केली होती."