शब्दचर्चा : तवाजो, तक्वा, अखलाक यांना मराठीत नेमके काय म्हणावे?

प्रश्न

एका जुन्या आलिमाच्या (इस्लामी धर्मपंडिताच्या) चरित्राचे उर्दूतून मराठी करताना एक वाक्य अडले आहे. मुळात तवाजो, तक्वा आणि अखलाक हे तीन शब्द एकापाठोपाठ येतात. सध्याचे मराठी असे : ‘ज्ञानी असूनही त्यांच्या अंगी नम्रता होती, ते देवभीरू होते आणि स्वभावाने चांगले होते.’ चूक काही नाही, पण कोणत्याही भल्या माणसाबद्दल हेच लिहिता येईल. मूळ शब्दांत जे नेमके आहे ते मराठीत कसे आणावे?

उत्तर १

तवाजोपासून सुरुवात करतो. शब्द अरबी, धातूची अक्षरे वाव-ज़ाद-ऐन, अर्थ खाली ठेवणे, मांडणे. हा धातू मराठीत केव्हाच येऊन बसला आहे, फक्त ओळख पटत नाही. रकमेतून जे ‘वजा’ करतो तो वजा याच धातूचा. जमिनीच्या कागदात गावाच्या नावाआधी येणारे ‘मौजे’ हे अरबी ‘मौज़ा’चे, म्हणजे ठिकाण या शब्दाचे रूप, तेही याच घरातले. तवाजो म्हणजे स्वतःला खाली ठेवणे.

आपल्या शब्दांशी ताडून पाहा. नम्रता ‘नम्’वरून, म्हणजे वाकणे. विनय ‘नी’ धातूवरून, त्यात वळण लावण्याचा भाव आहे आणि म्हणून तो अदबेच्या जवळ जातो. लीनता म्हणजे विरून जाणे. तवाजोत ठेवणारा जागरूक असतो. आपले मोल ठाऊक असताना माणूस स्वतःला हलक्या हाताने खालच्या पायरीवर ठेवतो. ज्याच्याकडे खाली ठेवण्याजोगे काहीच नाही आणि जो नाइलाजाने वाकतो, त्याच्या वाकण्याला तवाजो म्हणत नाहीत.

भाषांतरकारासाठी एक सावधगिरी : उर्दूत तवाजोचा दुसरा अर्थ पाहुणचार. ‘खातिर-तवाजो’ दिसले की तिथे नम्रता घालू नका, आदरातिथ्य लिहा. पाहुण्यासमोर स्वतःला खाली ठेवणे, असा तो अर्थ सरकत गेला आहे.

उत्तर २

वरच्यात भर. शब्द नीट कळायला त्याचा विरुद्धार्थी शब्द पाहावा, आणि इथे तो हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदीतच, व्याख्येसह मिळतो. पैगंबरांचे सहकारी अब्दुल्लाह इब्ने मसऊद यांची रिवायत (कथन), ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहातली. ज्याच्या मनात कणभर किब्र (गर्व) असेल तो जन्नतमध्ये जाणार नाही, असे पैगंबरांनी म्हटल्यावर एकाने विचारले : माणसाला आपले कपडे चांगले असावेत, पादत्राणे चांगली असावीत असे वाटते, त्याचे काय? उत्तर मिळाले की अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडते. किब्र म्हणजे ‘बतरुल हक्क’ आणि ‘गम्तुन नास’. म्हणजे सत्य झिडकारणे आणि माणसांना तुच्छ लेखणे.

या दोन कलमांमुळे भाषांतराचे काम सोपे होते. कपडे, चाल, आवाज यांत नम्रता शोधत बसावे लागत नाही. प्रश्न दोनच. खरे समोर आल्यावर तो मान्य करतो का? आणि समोरच्या माणसाला कमी लेखतो का? साध्या कपड्यांतला, खालमानेने बोलणारा माणूसही या दोन्हींत नापास होऊ शकतो. आरंभीचे सूफी साधक फुज़ैल इब्ने इयाज़ (मृत्यू हिजरी १८७) यांना तवाजोबद्दल विचारले तेव्हा त्यांनी पहिले कलमच उलटे करून सांगितले : सत्यापुढे वाकावे, ते नेईल तिकडे जावे, आणि ते लहान मुलाकडून वा सर्वांत अडाणी माणसाकडून ऐकले तरी घ्यावे.

मराठीत याला शब्द आहे, ‘निगर्वी’. पण तो नकारात्मक आहे, काय नाही एवढेच सांगतो. म्हणून माझे मत असे की चरित्रात एकदा तवाजो हाच शब्द ठेवावा, पहिल्या वापराला त्याचा उलगडा वाक्यातच करावा आणि पुढे ‘नम्रता’ निर्धास्त वापरावे.

प्रश्नकर्ता

‘स्वतःला खाली ठेवणे’ आवडले. पण किती खाली? मूळ लेखात एका ठिकाणी ‘तज़ल्लुल’ हा शब्द दोष म्हणून आला आहे. तोही नम्रताच वाटतो.

उत्तर २

तो दोषच आहे. धर्मपंडित गज़ाली (मृत्यू हिजरी ५०५) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात याची सीमा एका प्रसंगाने आखली आहे. आलिमाकडे चांभार आला. आलिम आपल्या जागेवरून उठला, त्याला तिथे बसवले, निघताना त्याचे जोडे सरळ करून ठेवले आणि दारापर्यंत त्याच्या मागे गेला. गज़ालींच्या मते हा तवाजो नव्हे, ही स्वतःची अप्रतिष्ठा. मग तवाजो कोणता? उठून स्वागत करणे, हसतमुखाने बोलणे, प्रश्न आपुलकीने ऐकणे, बोलावणे आले तर जाणे, त्याच्या गरजेसाठी धडपडणे, आणि आपण त्याच्याहून बरे आहोत असे मनात न धरणे. शेवट काय होईल हे दोघांनाही ठाऊक नाही, हे त्यामागचे कारण.

म्हणजे एका टोकाला तकब्बुर (गर्विष्ठपणा), दुसऱ्या टोकाला तज़ल्लुल, मध्ये तवाजो. तज़ल्लुलसाठी मराठीत ‘लाचारी’ चपखल बसते. ‘नम्रपणाचा अतिरेक’ लिहू नका. अतिरेक म्हटले की तीच गोष्ट जास्त झाली असे वाटते, आणि इथे तर गोष्टच बदलते.

उत्तर ३

या निमित्ताने एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. अहंकाराचे अरबी शब्द मराठीने भरभरून घेतले आहेत : मगरूर, मिजास, दिमाख. मिजास मुळात ‘मिज़ाज’, म्हणजे प्रकृती. दिमाख म्हणजे मेंदू. सर्वांत बोलका मगरूर. अरबीत ‘मग़रूर’चा पहिला अर्थ उद्धट नाही, ‘फसलेला’ आहे. कुरआनात (सूरा ३५, आयत ५) सैतानाला ‘गरूर’ म्हटले आहे, म्हणजे फसवणारा. स्वतःबद्दल ज्याची फसगत झाली तो मगरूर. चरित्रात हा शब्द आला तर मराठीतला ‘मगरूर’ ठेवता येईल, पण ही फसगत वाक्यात कुठेतरी दिसायला हवी.

‘उज्ब’ वेगळा. किब्रला दुसरा माणूस लागतो, ज्याच्याहून आपण वर आहोत असे वाटेल. उज्बला कोणी लागत नाही, एकट्यानेही होतो. त्याला ‘आत्मतुष्टी’ म्हणावे, ‘गर्व’ नको.

उत्तर ४

तक्व्याकडे वळू या, कारण ‘देवभीरू’ मला सर्वांत जास्त खटकते. धातू वाव-क़ाफ़-या, अर्थ जपणे, बचाव करणे. भीती हा त्याचा परिणाम आहे, गाभा नाही. खलिफा उमर यांनी पैगंबरांचे सहकारी उबय्य इब्ने कअब यांना तक्वा म्हणजे काय असे विचारले, ही रिवायत प्रसिद्ध आहे. उबय्य यांनी उलट विचारले : काट्यांच्या वाटेने कधी गेला आहात का? गेलो आहे. मग काय केलेत? कपडे आवरून घेतले आणि जपून पाऊल टाकले. तोच तक्वा.

पायाखाली काटे आहेत म्हणून माणूस चालणे थांबवत नाही. वस्त्र सावरतो, नजर जमिनीवर ठेवतो आणि पुढे जातो. ‘भीरू’ या शब्दात हे चालणेच हरवते. कुरआनातल्या इतर प्रतिमाही याच बाजूच्या आहेत : तक्व्याचा पोशाख (७:२६), प्रवासाची शिदोरी म्हणून तक्वा (२:१९७).

मराठीत ‘ईशभय’, ‘ईशपरायणता’ असे शब्द वापरलेले दिसतात. पहिल्यात निम्मा अर्थ येतो. दुसरा चांगला आहे, पण त्यात जपणे नाही. मी ‘पापभीरू’ सुचवीन. तो रोजच्या मराठीतला आहे आणि भीती योग्य ठिकाणी, म्हणजे चुकीच्या पावलावर, ठेवतो.

उत्तर १

‘पापभीरू’ला माझी हरकत आहे. आजच्या मराठीत तो कधीकधी भित्र्या, भिडस्त माणसासाठी वापरतात. ‘पापभीरू मध्यमवर्गीय’ म्हणताना कौतुक थोडे आणि कीव जास्त असते. मुत्तकी, म्हणजे तक्वा बाळगणारा माणूस अन्यायापुढे घाबरून गप्प बसतो असा अर्थ निघायला नको. फारसीत तक्व्यासाठी ‘परहेजगारी’ आहे आणि परहेज म्हणजे पथ्य. ‘पथ्य पाळणारा’ हा वाक्प्रचार मराठीत जिवंत आहे, त्यात शिस्त आहे, भीती नाही. ‘वागण्याचे पथ्य कसोशीने पाळणारे’ असे लिहिले तर?

उत्तर ४

पथ्य मान्य, एका अटीवर. पथ्य बाहेरचे असते, तक्व्याचे ठिकाण आत आहे. ‘तक्वा इथे आहे’ असे तीनदा म्हणून पैगंबरांनी छातीकडे बोट केले, ही सहीह मुस्लिममधली हदीस. तेव्हा ‘मनाने पथ्य जपणारे’ किंवा ‘अल्लाहचे भान ठेवून जपून वागणारे’. हे दुसरे लांब आहे, पण चरित्रात एकदा लांब लिहायला हरकत नसावी.

आणखी एक, खौफ, खशिया आणि तक्वा या तिन्हींना ‘भय’ लिहू नका. खौफ म्हणजे येणाऱ्या संकटाची भीती. खशियेत समोरच्याचे मोठेपण जाणून आलेला दरारा असतो. तक्वा म्हणजे त्यानंतरचे सावध वागणे.

उत्तर ३

रिया आणि इख्लास ही जोडी लेखात येणारच, म्हणून आधीच सांगतो. इथे मराठीचे नशीब चांगले आहे. रियाचा धातू ‘पाहणे’. आपला ‘देखावा’ही देखणे या क्रियापदावरून. दोन भाषांनी स्वतंत्रपणे एकच शब्द घडवला आहे, तेव्हा रियाला ‘ढोंग’ न म्हणता ‘देखावा’ म्हणा. ढोंग करणारा आतून खोटा असतो. रिया करणारा खरी नमाज पढतो, खरा दानधर्म करतो, फक्त डोळा लोकांकडे असतो.

इख्लासचा धातू ख़ा-लाम-साद, अर्थ भेसळ नसणे. खुलासा, खलास, खालसा हे सगळे त्याचेच, आणि ‘निखालस’सुद्धा, ज्याला मराठीने पुढे ‘नि’ जोडला. कुरआनात (१६:६६) दुधाला ‘खालिस’ म्हटले आहे : गुरांच्या पोटात शेण आणि रक्त यांच्यामधून येते आणि तरी दोन्हींचा अंश त्यात नसतो. इख्लास तसा असावा लागतो. ‘प्रामाणिकपणा’ इथे अपुरा पडतो, तो व्यवहारातला शब्द आहे. ‘निखालस हेतू’ लिहा.

फुज़ैल यांचेच एक सूक्ष्म वचन इथे उपयोगी पडेल : लोकांसाठी कर्म सोडणे ही रिया, लोकांसाठी कर्म करणे हे शिर्क (अल्लाहशी दुसऱ्या कुणाला भागीदार करणे). देखाव्याच्या धास्तीने चांगले काम टाकून देणाराही लोकांकडेच पाहत असतो. ‘नम्र असल्याने त्यांनी चारचौघांत नमाज पढणे टाळले’ असे वाक्य कुणी लिहिले तर ते या कसोटीवर टिकत नाही.

उत्तर २

अखलाक राहिला. ‘स्वभावाने चांगले’ यात मोठी चूक दडली आहे. अखलाक हे ‘खुलुक’चे अनेकवचन. खल्क म्हणजे डोळ्यांना दिसणारी घडण, खुलुक म्हणजे आतली घडण. गज़ालींची व्याख्या अशी : मनात पक्की बसलेली अशी अवस्था, जिच्यातून कृती सहज, विचार करत न बसता घडते. एखाद्या वेळी पैसे दिले म्हणून कोणी दानशूर ठरत नाही. आणि मन मारून, ओढूनताणून देत असेल तर देणे घडले, खुलुक अजून घडलेला नाही.

पण स्वभाव जन्माने मिळतो, खुलुक घडवता येतो. गज़ालींचा दाखला सुलेखनाचा. ज्याला उत्तम लेखनिक व्हायचे आहे तो आधी दुसऱ्याचे वळण कष्टाने गिरवतो, ‘तकल्लुफ’ करतो (आपली ‘तकलीफ’ याच धातूची), आणि गिरवता गिरवता हात आपोआप तसा चालू लागतो. म्हणून ‘स्वभाव’ टाळा. ‘चारित्र्य’ चालेल, पण आज त्याला लैंगिक शुद्धतेचा वास लागला आहे. मला ‘शील’ सर्वांत जवळचे वाटते, त्यात सवयीने पक्के झालेले वागणे येते.

उत्तर ५

लेखनाबद्दल थोडे. तक्वा पुल्लिंगी धरा आणि ‘फतवा’सारखा चालवा : फतव्याचा, तसे तक्व्याचा, तक्व्याने. ‘तक्वाचा’ कानाला टोचते. तवाजो उर्दूत स्त्रीलिंगी आहे, मराठीत दोन्ही लिंगे चालू शकतात, पण एका पुस्तकात एकच ठेवा. रियाचे सामान्यरूप अवघडते, तिथे ‘रियाकारी’ सोयीचे.

आणि ‘खुशू’ आला तर त्याचा ‘खूश’शी काही संबंध नाही. खूश फारसी, खुशू अरबी : नमाजीत मन आणि अवयव निवणे, निश्चल होणे. कुरआनात (४१:३९) पावसाआधीच्या निपचित जमिनीला हेच विशेषण लावले आहे. ‘आनंदाने नमाज’ असे भाषांतर होऊ देऊ नका.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. नवे वाक्य : ‘ज्ञानी असूनही त्यांच्यात तवाजो होता, सत्य कुणाकडूनही आले तरी ते मान तुकवत, अल्लाहचे भान ठेवून ते पाऊल जपून टाकत, आणि त्यांचे शील असे की चांगले वागण्यासाठी त्यांना थांबून विचार करावा लागत नसे.’

उत्तर ४

छान उतरले आहे. फक्त ‘असूनही’ काढा. मुळात ‘बावजूद’ (असूनही) असेल तरी काढा असे मी म्हणेन. ‘ज्ञानी असूनही नम्र’ म्हटले की ज्ञान आणि नम्रता यांचे वैर गृहीत धरले जाते. कुरआनचे म्हणणे (३५:२८) असे आहे की अल्लाहच्या दासांपैकी त्याची खशिया बाळगतात ते जाणणारेच. धर्मशास्त्राचे मोठे जाणकार इमाम मालिक (मृत्यू हिजरी १७९) यांना ४८ प्रश्न विचारले गेले आणि त्यांपैकी ३२ प्रश्नांना त्यांनी ‘ला अदरी’, म्हणजे ‘मला माहीत नाही’ असे उत्तर दिले, ही रिवायत आहे. इतक्या वेळा ‘माहीत नाही’ म्हणायला आपल्याला काय माहीत आहे याची पक्की जाण लागते. पैगंबरांच्या घराण्यातले आणि स्वतः मोठे आलिम असलेले इब्ने अब्बास यांनी पैगंबरांचे सहकारी ज़ैद इब्ने साबित यांच्या स्वारीच्या जनावराची रिकीब धरली, तीही ज़ैद यांच्या ज्ञानासाठी. वाक्य ‘ते ज्ञानी होते, म्हणून त्यांच्यात तवाजो होता’ असे करा.