सर्जरी शिकवायला एआर चष्मे घ्यावेत का? कॉलेजने माझं मत मागितलंय

वॉर्डसातचा_मास्तर:
नमस्कार मंडळी. मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात सर्जरीला असिस्टंट प्रोफेसर आहे. मागच्या आठवड्यात एक कंपनीवाला डेमो देऊन गेला, डोक्यावर एआरचा (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी) चष्मा चढवला की समोरच्या टेबलावर लिव्हर तरंगतं, चिमटीत धरून फिरवायचं, आठ सेगमेंट आठ रंगात, आपलं टेबल आपली माणसं मागे तशीच दिसत राहतात. डीन साहेब एकदम खूश. जिल्हा नियोजनचा निधी मार्चआधी संपवायचाय म्हणून सहा हेडसेट घेऊ म्हणतात, आणि अभिप्राय लिहायचं काम माझ्या गळ्यात, कारण डिपार्टमेंटमधे मोबाईल नीट वापरता येणारा मीच असा एक समज आहे.

माझी खरी अडचण वेगळीये. फायनल इयरची पोस्टिंग असते तेव्हा हर्नियाच्या टेबलाभोवती वीस पोरं उभी, पुढच्या तिघांना जखम दिसते आणि मागच्यांना पुढच्यांच्या टोप्या. इन्ग्वायनल कॅनालच्या (जांघेतला बोगदा, हर्निया इथेच येतो) चारही भिंती सगळ्यांना तोंडपाठ, पण फोर्सेप लावून "ही कुठली?" विचारलं की सगळे जमिनीकडे बघतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनला निदान स्क्रीन तरी असते. तर या चष्म्याने हे सुटेल का? कोणी खरंच वापरलाय का, का नुसतं डेमोपुरतं?

दहाएमएम_पोर्ट:
सर, मी मूळ सांगलीचा, सध्या इंग्लंडमधे सर्जरीचा रजिस्ट्रार (शिकाऊ सर्जन). वापरलाय, आणि पूर्ण फालतू नाहीये हे आधी सांगतो. लिव्हरचे सेगमेंट, पेल्व्हिस, मणका, जिथे "कशाच्या मागे काय" हाच गोंधळ असतो तिथे पोरं स्वतः भोवती फिरून बघतात आणि पुस्तकातल्या चपट्या चित्राने जे होत नाही ते होतं.

पण कंपनीवाले याच्यापुढे जाऊन सांगतात की पेशंटच्या अंगावरच आतलं चित्र बसवता येतं, तिथे जरा थांबा. हाडावर बसतं, कारण हाड जागचं हलत नाही. म्हणून तर जॉन्स हॉपकिन्सला २०२० मधे एआर चष्मा लावून मणक्यात स्क्रू बसवले ते जमलं. पोटात मात्र तुम्ही दुर्बिणीसाठी गॅस भरला, पेशंट तिरका केला, लिव्हर उचललं की सीटीतलं पोट आणि समोरचं पोट यांचा संबंध संपला. वर श्वासाबरोबर लिव्हर खालीवर होतं ते वेगळंच. चित्र सेंटीमीटरभर सरकलं तर शिकणाऱ्याला ते कळत पण नाही, तो चित्रावर विश्वास ठेवून बसतो.

अजून एक. कॅनडातल्या लोकांनी २०१३ मधे एक प्रयोग छापला होता, मृतदेहावर नाकातून दुर्बीण घालून काम करायचं, काही सर्जनना स्क्रीनवर एआरच्या रेषा दाखवल्या, काहींना साधी स्क्रीन. आत मुद्दाम एक स्क्रू टाकून ठेवलेला. एआरवाले निशाण्यापर्यंत अचूक पोचले पण समोरचा स्क्रू त्यांच्यातल्या बहुतेकांना दिसलाच नाही! शिकवताना हे डोक्यात ठेवा, पोरगं हिरव्या रेषेकडे बघत राहील आणि रक्त कुठून येतंय ते बघणार नाही.

आणि तुमच्या मागच्या रांगेसाठी चष्मा उलटा वापरा, म्हणजे पोरांना नाही, सर्जनला. लंडनला सर्जन शफी अहमद सरांनी २०१४ मधेच गुगल ग्लास (कॅमेरावाला चष्मा) लावून कॅन्सरचं ऑपरेशन लाइव्ह दाखवलं होतं, जगभरातली पोरं टाइप करून प्रश्न विचारत होती आणि ते प्रश्न त्यांना काचेत दिसत होते. आज तेवढ्यासाठी चष्मापण नको, ओटी (ऑपरेशन थिएटर) लाइटच्या मधोमध कॅमेरा बसवा आणि भिंतीवर मोठा टीव्ही लावा. मान वाकवली की डोक्यावरचा कॅमेरा भलतंच दाखवतो, लाइटचा स्थिर राहतो.

कोडवाला_कोथरूड:
डॉक्टर नाहीये पण एआरमधेच नोकरी करतो म्हणून बोलतो. पहिला प्रश्न, कोटेशनमधे कुठला हेडसेट आहे? मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ असेल तर त्याचं प्रॉडक्शन ऑक्टोबर २०२४ मधेच बंद झालंय, अपडेट डिसेंबर २०२७ पर्यंत, त्यानंतर शोकेसमधे ठेवायचा. वजन ५६६ ग्रॅम, म्हणजे अर्धा किलो साखर कपाळाला बांधून तासभर खाली बघायचं.

दुसरं म्हणजे डोळ्याचं गणित. त्या चष्म्याचं चित्र साधारण २ मीटरवर फोकस केलेलं असतं, तुमचे हात असतात अर्ध्या मीटरवर. म्हणजे हात बघितला की चित्र धूसर आणि चित्र बघितलं की हात धूसर. खोलीत उभं राहून मोठं लिव्हर बघायला मस्त, सुईत दोरा ओवायला बेकार. डेमोत हे कळत नाही कारण डेमोत तुम्हाला दोन पावलं मागे उभं करतात :)

फुकटचा मार्ग सांगू? थ्रीडी स्लायसर नावाचं सॉफ्टवेअर आहे, मोफत. तुमच्याच रेडिओलॉजीतून सीटीची डायकॉम फाइल घ्या (पेशंटचं नाव फाइलच्या आत लिहिलेलं असतं, ते आधी काढा, नुसतं फाइलचं नाव बदलून होत नाही). हाडं पटकन वेगळी होतात, शिरा काँट्रास्टच्या इंजेक्शनमुळे जमतात, मऊ भाग एकेका स्लाइसवर बसून रंगवावे लागतात, तिथे वेळ जातो. मग ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमधून जीएलबी फाइल काढली की बऱ्याच अँड्रॉइड फोनवर टेबलावर ठेवून बघता येते, आयफोनला यूएसडीझेड लागते. फोन तर सगळ्या पोरांकडे आहेत.

मावशीचा_लाडका_इंटर्न:
सर छोटं तोंड मोठा घास, पण आम्हाला कोणी विचारलंच नाही म्हणून लिहितो. चष्मा लावून गॉलब्लॅडर मलापण दाखवलं होतं, भारी वाटलं, व्हिडीओ काढला स्टेटसला टाकला. आठवड्याने खऱ्या केसमधे सरांनी कॅमेरा हातात दिला आणि मी ३० डिग्रीचा स्कोप (तिरकं बघणारी दुर्बीण) धरून छत दाखवत होतो. हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं हे चष्म्याने नाही शिकवलं, ते होस्टेलवर शिकलो. प्लॅस्टिकचा भाजीचा डबा, वर दोन भोकं, आत जुना मोबाईल टेकवलेला, लॅपटॉपवर चित्र, ओटीतून बाद झालेलं एक मॅरीलँड आणि एक ग्रास्पर (दुर्बिणीच्या ऑपरेशनचे लांब चिमटे) सिस्टरनी दिलं. आधी शेंगदाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत, मग चणे, मग तूरडाळ. परदेशात एफएलएसच्या (दुर्बिणीच्या ऑपरेशनची मूलभूत कौशल्यं) परीक्षेत सहा ठोकळे एका बाजूने दुसऱ्या बाजूला आणि परत न्यायचे असतात, ३०० सेकंद मिळतात, मला पहिल्या दिवशी त्यात दोन ठोकळे पण जमले नव्हते. खरे बॉक्स ट्रेनर (असेच सरावाचे तयार डबे) घेतले तर पोरं रात्री पण बसतील, माझा शब्द.

शरीररचना_मॅडम:
सुश्रुतसंहितेत चीर द्यायला भोपळा आणि शीर टोचायला कमळाचा देठ सांगितलाय, म्हणजे तुझा भाजीचा डबा परंपरेला धरूनच आहे बाळा.

मास्तर, अ‍ॅनाटॉमीसाठी मात्र या चष्म्याला नावं ठेवू नका. क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न विद्यापीठाने होलोलेन्सवर आख्खी शरीररचना बसवलीये आणि २०२० ला कोविडमधे पहिल्या वर्षाच्या मुलांना हेडसेट घरी पाठवून वर्ग घेतले. एक गोष्ट त्यात अजिबात येत नाही, फॅशिया (स्नायूंवरचा पडदा) बोटाने सुटतो तेव्हा कसा लागतो ते. आणि प्रत्येक देह वेगळा असतो, मॉडेलमधली सिस्टिक आर्टरी (पित्ताशयाची धमनी) रोज तिच्या जागेवरच सापडते. देहदानाचा देह मिळतोय तोवर तो आधी, चष्मा नंतर.

वॉर्डसातचा_मास्तर:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कोडवाले साहेब, तुमचा स्लायसर रात्री दोनपर्यंत बसून चालवला. पेल्व्हिसची हाडं झाली, इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक शीर (पोटाच्या भिंतीतली) दोन्ही बाजूला निघाली, पोटाच्या भिंतीचे थर मात्र रंगवता रंगवता वैतागलो, शेवटी सोडून दिले. सकाळी क्लिनिकला पोरांच्या फोनवर टाकलं आणि एवढंच विचारलं की शिरेच्या आतल्या बाजूने आला तर कुठला हर्निया, बाहेरून आला तर कुठला. फोन हातात धरून टेबलाभोवती फिरत होती सगळी, आणि एक मुलगी जी सहा महिन्यात तोंड उघडत नव्हती तिने डायरेक्ट आणि इनडायरेक्ट दोन्ही बोट ठेवून दाखवले.

अभिप्राय असा दिलाय: हेडसेट एकच, तोही अ‍ॅनाटॉमीला आणि चालू मॉडेल असेल तरच, बाकी पैशात आठ बॉक्स ट्रेनर, ओटी लाइटला कॅमेरा आणि टीव्ही.

मावशीचा_लाडका_इंटर्न:
डीन सर काय म्हणाले??

वॉर्डसातचा_मास्तर:
म्हणाले सगळं पटतंय, पण उद्घाटनाला पालकमंत्री येणारेत, त्यांच्या डोक्यावर डबा कसा ठेवायचा.