मदत हवी आहे: अर्धायुष्याचं गणित मधल्या दिवसाला अडतंय

नमस्कार मंडळी. लालबागला राहते, लेक बारावी सायन्सला आहे. क्लास परवडत नाही म्हणून केमिस्ट्री मीच घेते. माझं शिक्षण सुटून वीस वर्षं झालीत.

आयोडीन-१३१ या किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा वेळ, ८ दिवस. १०० मिलिग्रॅममधलं २० दिवसांनी किती उरेल? १६ दिवसांनी २५, २४ दिवसांनी १२.५, इथवर ठीक. २० दिवस बरोबर मध्ये येतात म्हणून लेकीने सरासरी काढून १८.७५ लिहिलं. मी λ (क्षय होण्याच्या वेगाचा स्थिरांक) = ०.६९३/८ = ०.०८६६ घेऊन, २.३०३ चं सूत्र लावून लॉग टेबलने केलं, तर १७.७ आलं. पुस्तकातही तेच आहे.

पण "आई, मधोमध आहे तर सरासरी का नाही?" याला मला नीट उत्तर देता येईना. आलेख सरळ रेषा नसतो एवढंच सांगितलं, तिचं समाधान झालं नाही. वहीत दोन्ही उत्तरं शेजारी लिहून ती बराच वेळ बघत बसली होती.

कुणी शिक्षक असाल तर हे सोप्या शब्दांत कसं समजावता? आणि सीईटीला कॅल्क्युलेटर नसतो, तिथे २५ ला १.४१४ ने (२ च्या वर्गमुळाने) भागलं तर चालेल ना? उत्तर जुळतंय, पण ही रीत नेहमीच लागू पडते का?