४३० मिमी फोकल लेंथला कूल्ड कलर कॅमेरा: ५३३, २९४ की २६००?

टिळकवाडी_गच्ची
आकाशाचे फोटो काढतो. ७२ मिमी ईडी (रंगदोष कमी करणारी काच) दुर्बीण, फ्लॅटनरसह (कडेपर्यंत तारे नीट ठेवणारं भिंग) फोकल लेंथ ४३० मिमी. इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांबरोबर फिरणारा स्टँड) आणि गायडिंग (त्याची चूक सुधारत राहणारी सोय) आहे. डीएसएलआर सोडून झेडडब्ल्यूओ कंपनीचा कूल्ड (सेन्सर गार ठेवणारा) कलर कॅमेरा घ्यायचाय; ५३३, २९४, २६०० ही त्यांची मॉडेलं. एरवी बेळगावातली गच्ची, अमावस्येला जांबोटीकडं, काळोखात. एप्रिलच्या उकाड्यात कूलिंगचा कितपत उपयोग होतो?

जांबोटी_काळोख
मेगापिक्सल राहू द्या, आधी चौकट बघा. ५३३ चा सेन्सर चौकोनी, ११.३ मिमी, तुमच्याकडं दीड बाय दीड अंश. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ (आपल्याकडं क्षितिजापासून जेमतेम २७ अंशांवर येतो) निवांत बसेल, रोझेट तेजोमेघ काठोकाठ. देवयानी दीर्घिका ३ अंश लांब, तिची टोकं कापली जाणार. २६०० वर ३.१ बाय २.१ अंश, ती तिरकी केली की मावते.
पिक्सल दोघांचे ३.७६ मायक्रॉनच: २०६ × ३.७६ ÷ ४३० = पिक्सलमागे १.८ आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद). म्हणजे बारकावा सारखाच. उलट २६०० चा कर्ण २८ मिमी, ५३३ चा १६. फ्लॅटनर साधा असेल तर कोपऱ्यातले तारे लांबट दिसणार. फाईलही ५२ एमबीची, ५३३ ची १८.
२९४ नको. ॲम्प-ग्लो (सेन्सरच्या कडेला येणारी चकाकी) आहे, आणि फ्लॅट फ्रेम (कडेचा काळोख नि धुळीचे डाग काढायला एकसारख्या उजेडाचे फोटो) २ सेकंदांहून कमी घेतल्या तर नीट जुळत नाहीत.

खानापूर_रोड
कूलिंगचं सांगतो. खरा फायदा ठरलेल्या तापमानाचा, नुसत्या गारव्याचा नाही. डीएसएलआरचा सेन्सर रात्रभर तापत-निवत राहतो, मग डार्क (सेन्सरचा गोंगाट वजा करायला टोपी लावून घेतलेल्या फ्रेम) कधीच जुळत नाहीत. हे कॅमेरे हवेपेक्षा सुमारे ३५ अंश खाली जातात. एप्रिलमध्ये रात्री २५ असताना −१० लावलं तर कूलर १०० टक्क्यांवर अडकतो आणि तापमान हलायला लागतं. वर्षभर ० लावा. गेन (सिग्नल वाढवायचं सेटिंग) १००, १८० सेकंद, टोपी लावून ३० डार्क. पावसाळ्यात आभाळ झाकलेलंच असतं, तेव्हा घरातच काढून ठेवा. ऑफसेट (काळ्याची पातळी ठरवणारं सेटिंग) मात्र बदलू नका.
कूलर पूर्ण चालला की १२ व्होल्टवर ३ अँपिअरपर्यंत खातो. करंट गेला तर माउंटही थांबतो, त्यामुळं दोन्ही लिथियम बॅटरीवर ठेवा.

टिळकवाडी_गच्ची
म्हणजे ५३३. फिल्टर?

जांबोटी_काळोख
यूव्ही-आयआर कट (अतिनील आणि इन्फ्रारेड अडवणारा) लागेलच. ५३३ च्या काचेत इन्फ्रारेड अडवणारं काही नाही, आणि भिंगाच्या दुर्बिणीत त्यानं तारे फुगतात. गच्चीवर तेजोमेघांसाठी त्याच्या जागी ड्युअल-बँड (तेजोमेघांचे दोनच रंगपट्टे जाऊ देणारा). दीर्घिकांना त्याचा उपयोग नाही, त्यांच्यासाठी जांबोटीच.
फिल्टर २ मिमीचा असेल तर फ्लॅटनरपासून सेन्सरचं अंतर ५५ ऐवजी ५५.७ मिमी धरा.

खानापूर_रोड
आणि रात्र संपल्यावर कूलर एकदम बंद करू नका, वॉर्म-अप देऊन तापमान हळूहळू चढवा. जूनपासून कॅमेरा सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात.