टोपीवर चढवलेली मस्केट ‘बाटलेली’ कशी?

पेनसिल्व्हेनियाकर (धागाकर्ता)
काल इथे एकाने लिहिलं, की १८१६ मॉडेलची स्प्रिंगफील्ड मस्केट (अमेरिकी सैन्याची ठासणीची बंदूक) घ्यायची तर चकमकीचीच, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारीच घ्यावी. घोडा आपटताच पेटणाऱ्या स्फोटक टोपीवर बदललेली म्हणजे बाटलेली, ती कारागिराकडून परत चकमकीची करून घ्यावी, किंमत वाढते. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

अहो, या बंदुका कुण्या गावठी लोहाराने बिघडवल्या नाहीत. अमेरिकी सरकारच्या शस्त्रागारांनीच त्या बदलल्या. माझ्याकडच्या बंदुकीची नळी ४२ इंची, बोअर (नळीचं तोंड) ०.६९ इंच. जुना कान (ठिणगी आत जायचं भोक) बुजवलाय आणि नळीच्या माथ्यावर, जरा उजवीकडे, निपल (टोपी चढवायची पोकळ खुंटी) बसवलंय. रंजकाची (ठिणगीने आधी पेटणाऱ्या बारीक दारूची) पितळी वाटी कापून उरलेलं पितळ चापाच्या पट्टीशी सपाट घासलंय. वाटीवरच्या पोलादी झाकणाच्या स्क्रूंची भोकं भरलीत, ते गोल उजेडात तिरकं धरलं की दिसतात. निपलभोवती लोखंडाला खड्डे पडलेत, कारण टोपीतल्या मसाल्याचे क्षार लोखंड खातात. म्हणजे ही बंदूक टोपीवर भरपूर झडलीय. तो सगळा पुरावा वेल्डिंग करून मिटवायचा? कशासाठी?

जुनाबाजार
‘बाटलेली’ मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. बंदूक घडली चकमकीसाठी. नंतरचा बदल म्हणजे सरकारची काटकसर: कोठारात माल पडून होता, नवा घ्यायला पैसे नको होते. त्या काटकसरीला इतिहास म्हणून ओवाळायचं असेल तर ओवाळा. पण मूळ चकमकीच्या फार थोड्या उरल्यात. नव्या पोराला घोडा, गारगोटी, ठिणगी कशी चालायची हे दाखवायचं कशावर?

दारूगोळा
काटकसर? १८३४ मध्ये लंडनजवळ वूलविचच्या शस्त्रागारात इंग्रजांनी दोन्ही प्रकारांतून सहा-सहा हजार बार काढून पाहिले. चकमक ९२२ वेळा फुसकी गेली, टोपी ३६ वेळा. आणि कागदावरचं सोडा. मे १८४१ मध्ये चीनमधल्या कँटनजवळ ३७व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीची (कंपनी सरकारच्या हिंदी शिपायांच्या पलटणीची) एक तुकडी मुसळधार पावसात वाट चुकून वेढली गेली. रंजक भिजलं, बंदुका मुक्या झाल्या, शिपाई नुसत्या संगिनीवर उभे राहिले. त्यांना सोडवायला टोपीच्या बंदुका असलेले मरीन (इंग्रजी आरमाराचे सैनिक) पाठवावे लागले. आपल्या शिपायांच्या हातात जुना माल द्यायचा, हे धोरण. त्याबद्दल कुणीच का बोलत नाही?

सावंतवाडीचो
पावसाचं म्हणाल तर आमच्या कोकणात या. आजोबांची ठासणीची बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर होती, टोपीचीच. भर पावसात आजोबा निपलवर मेणकापड दाबून धरायचे आणि बार निघायचा. चकमकीची असती तर वांदरांनी बाग पुसून खाल्ली असती. आता निवडणूक आली की बंदूक जमा करा. मागच्या खेपेला परत मिळाली तेव्हा नळी आतून गंजलेली, दारू ठासायचा गज गायब. विचारलं तर म्हणाले, पावतीत गजाची नोंदच नाही.

जुनाबाजार
याचा मूळ विषयाशी काय संबंध?

माडबाग
संबंध कसा नाही? आमच्याकडेही तेच. निवडणुकीच्या तोंडावर रानडुकरं थांबतात का? भातात घुसतात ती घुसतातच.

वनमित्र
डुकराला मारायलाही परवानगी लागते, १९७२ चा कायदा वाचा. परवाना शेतीसंरक्षणाचा आणि बार सशावर, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सावंतवाडीचो
सशाचं आमच्यावर ढकलू नका! आमच्या घरात सशाला कुणी हात लावलेला नाही. तुम्ही शहरात बसून कायदे शिकवा, आमचे नारळ जातात त्याची भरपाई तुम्ही देणार का?

वनमित्र
मी कणकवलीचा आहे. शहर काढू नका. नारळ माझेही जातात.

पेनसिल्व्हेनियाकर
दोघांनाही हात जोडून विनंती, डुकरांसाठी वेगळा धागा काढा. पण आजोबांचं मेणकापड मला हवं होतं, कारण मुद्दा तोच आहे. जानेवारी १८६२, अमेरिकी यादवी युद्धातली केंटकीतल्या मिल स्प्रिंग्जची लढाई: दक्षिणेकडच्या राज्यांच्या कित्येक शिपायांकडे अजून चकमकीच्याच बंदुका होत्या, पाऊस लागला आणि त्या पेटेनात. ज्या बदलल्या गेल्या त्यांनी यादवी युद्ध पाहिलं. जुनाबाजार, तुम्ही टोपीचा घोडा काढून नवा ओतीव घोडा लावता तेव्हा ते युद्ध त्या बंदुकीतून पुसता. पोराला ठिणगी दाखवायची तर नवी प्रतिकृती घ्या, बाजारात मिळते.

जुनाबाजार
प्रतिकृतीला जुन्या अक्रोडाच्या दस्त्याचा स्पर्श येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. ठीक आहे, शस्त्रागारात बदललेल्या असतील तर त्यांना मी हात लावणार नाही, एवढं तुमचं मान्य. पण खाजगी कारागिरांनी कशाही ठोकलेल्या ज्या आहेत, त्या मी परत चकमकीच्या करणारच. त्यात कसला पुरावा?

दारूगोळा
१८६१ मध्ये युद्ध पेटल्यावर घाईघाईत कुठल्या राज्याने कुठल्या खाजगी कारागिराकडून बदलून घेतल्या, तो पुरावा.

पेनसिल्व्हेनियाकर
निदान एवढं करा. बदलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, काढलेले भाग पिशवीत बंदुकीसोबत द्या आणि विकताना ‘पुन्हा चकमकीवर आणलेली’ असं पावतीवर लिहा. लिहाल?

जुनाबाजार
भाग देईन. पावतीवर लिहिलं की भाव पडतो.

पेनसिल्व्हेनियाकर
मग ती अस्सल म्हणून खपवताय. गिऱ्हाइकाला फसवणं आहे हे, आणि मी ते प्रत्येक धाग्यावर येऊन म्हणेन.

जुनाबाजार
लिहीन. रागाने लिहीन, पण लिहीन.