रेल्वेतून पडून मृत्यू, तिकीट सापडलं नाही, तर नुकसानभरपाई मिळते का?

आशू_के:
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे म्हणून इथे विचारतोय. माझे मामा मागच्या वर्षी चालत्या पॅसेंजरमधून पडून गेले. डब्यात तुफान गर्दी होती आणि ते दाराशी उभे होते असं त्यांच्या सोबतच्या माणसाने सांगितलं. पाकीट मोबाईल काहीच मिळालं नाही त्यामुळे तिकीटही नाही. मामीला तेव्हा कशाचंच भान नव्हतं, आता वर्ष भरायला थोडेच दिवस राहिलेत. चौकशीला गेलो तर तिथला एक जण म्हणाला दारात उभं राहिले ही त्यांचीच चूक, वर तिकीट नाही म्हणजे फुकट प्रवास धरणार, सोडून द्या. घरात कमावणारे तेच होते हो, दोन मुलं शिकतायत. खरंच काही मिळत नाही का? आणि अर्ज करायचा कुठे, पोलिसांकडे की रेल्वेकडे?

अॅड_मृणाल:
आशू, आधी मुदतीचं बोलते. घटनेपासून एक वर्षाच्या आत अर्ज गेलाच पाहिजे. उशीर झाला तर विलंब माफ करा म्हणून मागता येतं पण मग सबळ कारण पटवत बसावं लागतं, त्यात अडकूच नका, आहेत ते कागद लावून अर्ज टाका, राहिलेले मागाहून जोडा. अर्ज पोलिसांकडे नाही, रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलकडे, म्हणजे रेल्वेवरचे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे. आपल्या राज्यात मुंबई आणि नागपूरला बेंच आहे. मामी राहतात तिथून जे बेंच लागतं तिथे चालतं, अपघात लांब दुसरीकडे झाला असला तरी.

आता चूक कोणाची ते. रेल्वे कायदा 1989 चं कलम 124 अ वाचा. गाडीतून अपघाताने पडणं ही त्यात 'अनुचित घटना' आहे आणि रेल्वेची चूक असो वा नसो भरपाई द्यावीच लागते. अपवाद मोजकेच आहेत, आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेलं काही, आणि आजारपण वगैरे नैसर्गिक कारण. गर्दीत दाराशी उभं राहणं यातल्या कशातच बसत नाही. मे 2018 मध्ये सुप्रीम कोर्टात न्या. गोयल आणि न्या. नरीमन यांनी हे अगदी स्पष्ट केलंय, चढता उतरताना पडला तरी भरपाई, निष्काळजीपणा म्हणून नाकारता येत नाही, इजा करून घ्यायचा हेतू असेल तरच 'स्वतःहून'. तिकिटाचंही त्याच निकालात आहे. मृताजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो विनातिकीट ठरत नाही, तुम्ही प्रतिज्ञापत्रावर हकीकत मांडायची, मग तो प्रवासी नव्हता हे दाखवायची जबाबदारी रेल्वेवर. सोबतच्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आजच करून घ्या, पुढे माणसं सापडत नाहीत.

रक्कम: 1 जानेवारी 2017 पासून मृत्यूला 8 लाख, आधी 4 होते. त्यावर व्याज ट्रिब्युनल ठरवतं.

गणू७७:
वर ताईंनी लिहिलंय ते बरोबरच आहे, मी फक्त कागदांचं सांगतो कारण आमच्या भावाच्या वेळी तिथेच घोळ झाला होता. स्टेशन मास्तरच्या मेमोत, म्हणजे अपघात कळवणाऱ्या चिठ्ठीत, 'रूळ ओलांडताना' असं लिहून टाकलेलं, बघितलं कोणीच नव्हतं, बॉडी रुळाजवळ होती म्हणून कोणीतरी अंदाजाने लिहिलं आणि मग तेच वाक्य प्रत्येक कागदात उतरत गेलं. रूळ ओलांडताना गेला म्हटलं की या कलमात बसत नाही, संपलं. म्हणून लोहमार्ग पोलिसांकडून मेमो, पंचनामा, जबाब, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट सगळ्याच्या सहीशिक्क्याच्या प्रती घ्या आणि एकेक ओळ वाचा. आम्हाला पोस्टमॉर्टेममधल्या जखमांनी तारलं, त्या गाडीतून पडल्याच्या होत्या, गाडीखाली आल्याच्या नव्हत्या. आणि मामा रोज त्याच गाडीने जात असतील तर जुने पास, कामावरची हजेरी, जे असेल ते शोधा.

पथिक:
वाईट वाटलं वाचून. पण मनापासून विचारतो, लोक दाराला लटकतात आणि मग भरपाई सगळ्यांच्या पैशातून, हे कितपत बरोबर? यातून लटकायला प्रोत्साहन नाही का मिळत?

अॅड_मृणाल:
पथिक, 8 लाखांसाठी कोणी लटकत नाही. आत पाय ठेवायला जागा नसते आणि कामावर पोचायचं असतं म्हणून माणूस दारात असतो. गाड्या किती, डबे किती, दारं बंद होणारी की उघडी हे सगळं रेल्वेच्या हातात. प्रवाशाची विधवा बायको रेल्वेची चूक कशी सिद्ध करणार, रेकॉर्ड सगळं त्यांच्याकडेच, म्हणून तर कायद्याने चुकीचा प्रश्नच बाजूला ठेवलाय. मला विचाराल तर रक्कमच कमी आहे, कमावता माणूस गेला की 8 लाख किती पुरणार. आठ वर्षांच्या वर तोच आकडा चाललाय.

आशू, अजून एक. अर्ध्याअर्ध्या वाटणीवर केस घेणारे एजंट दवाखान्यापासून मागे लागतात. कोऱ्या कागदावर, विड्रॉल स्लिपवर मामींची सही कुठेच नको, पैसे त्यांच्याच खात्यात यायला हवेत. वकील परवडत नसेल तर स्वतः उभं राहता येतं किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आशू_के:
खूप खूप आभार, रात्रीच मामीशी बोललो, उद्या सकाळी पोलीस ठाण्यात प्रतींसाठी अर्ज देतोय. सोबतचा माणूसही तयार आहे. एकच राहिलं, आजी म्हणजे मामांची आई त्यांच्याकडेच असते, तिचं नाव अर्जात घालायचं का? मामी म्हणते घाल, एक नातेवाईक म्हणतात नको, वाटणी होईल.

अॅड_मृणाल:
घाला. बायको आणि मुलं तर आहेतच, मृतावर पूर्ण किंवा थोडी जरी अवलंबून असेल तर आईसुद्धा कायद्याने अवलंबित आहे. एकाच अर्जात सगळ्यांची नावं द्या, आजींचं आधार आणि रेशनकार्ड जोडा, हिस्से ट्रिब्युनल ठरवेल. नाव गाळलं आणि नंतर निघालं तर उगाच तारखा वाढतील.