जमीन संपादनात भाडेकरूचे स्थान : एल पासोच्या अभ्यासासाठी मदत हवी आहे

नमस्कार. नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी टेक्सासमधील एल पासो शहराच्या दुरांगितो या वस्तीवर प्रबंध लिहीत आहे. त्यातील एका मुद्द्यावर कायदा किंवा पुनर्विकासाचा अनुभव असलेल्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

ही जुनी वस्ती शहराच्या मध्यवर्ती भागात, मेक्सिकोच्या सीमेलगत आहे. २०१२ साली मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांपैकी १८ कोटी डॉलर कला व मनोरंजन केंद्रासाठी होते, आणि २०१६ मध्ये नगर परिषदेने त्यासाठी हीच जागा निवडली. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायालयीन वाद चालू असतानाच यंत्रांनी काही इमारतींच्या भिंतींना भगदाडे पाडली. पुढे कित्येक वर्षे त्या इमारती कुंपणाआड तशाच उभ्या राहिल्या. जानेवारी २०२३ मध्ये परिषदेने ही जागा अखेर सोडली, पण तोवर बहुतेक भाडेकरूंनी घरे रिकामी केली होती.

२००५ च्या केलो खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक विकासासाठी खासगी जमिनीचे सक्तीचे संपादन ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरवले, तेव्हा टेक्सासने त्याच वर्षी कायदा करून अशा संपादनावर मर्यादा घातल्या. हे संरक्षण मुख्यतः मालकाचे आहे. मालकाने राजीखुशीने विक्रीचा करार केला की संपादनाचा प्रश्नच उरत नाही, आणि पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेल्या भाडेकरूला दाद मागायला फारशी जागा राहत नाही. माझ्या मते दुरांगितोतील खरा अन्याय इथे आहे, आणि मालमत्तेच्या हक्कांवर केंद्रित असलेल्या चर्चेत तो झाकला जातो.

आपल्याकडील २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंबा'च्या व्याख्येत शहरी जमिनीवर तीन वर्षे किंवा अधिक काळ राहणारे कुटुंबही येते. महाराष्ट्रातील एखाद्या शहरात या तरतुदीच्या आधारे भाडेकरूंना थेट पुनर्वसन मिळाल्याचे उदाहरण कोणाला ठाऊक आहे का? मिळाले असल्यास वास्तव्याचा पुरावा म्हणून काय ग्राह्य धरले गेले : भाडेपावत्या, वीजबिले, की शिधापत्रिका? तसेच मुंबईतील उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर आकारल्या जाणाऱ्या जुन्या) इमारतींच्या पुनर्विकासात पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन अल्प भाड्यात राहणाऱ्या, भाडेकरूंची संमती मोजली जाते. तिथे मालक परस्पर विकून मोकळा झाला, तर नव्या मालकावर त्यांच्या पुनर्वसनाची जबाबदारी कशी येते?

निवाडे, शासन निर्णय किंवा सर्वेक्षणाचे नमुने सुचवल्यास फार उपकार होतील. प्रत्यक्ष अशा इमारतीत राहिलेल्यांनी अनुभव लिहिला, तर तो मला कागदपत्रांइतकाच मोलाचा वाटेल.